घर सोडलं, डिपॉझिट अडकलं: जुन्या घरमालकाच्या कपातीला हिशेबाने उत्तर कसं द्यायचं

मे महिना उजाडला की मराठवाड्यात किरायाची घरं रिकामी व्हायला लागतात. नीटची परीक्षा आटोपून लातूरच्या ट्यूशन एरियातली पोरं गाद्या गुंडाळतात, सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांच्या याद्या लागतात, वाळूजच्या कंत्राटी कामगाराला दुसऱ्या गावी काम मिळतं. सामान टेम्पोत चढतं, चावी घरमालकाच्या हातात जाते. डिपॉझिटचं विचारलं की उत्तर येतं, "बघू, रंगाचं काय होतंय ते." पंधरा-वीस दिवसांनी व्हॉट्सॲपवर यादी येते: रंग, साफसफाई, गिझर, वीज, नोटीस. बेरीज डिपॉझिटच्या आसपास, कधी त्याच्याही वर.

त्यानंतर बहुतेक लोक दोहोंपैकी एक करतात. फोनवर कडाक्याचं भांडतात, किंवा "जाऊ द्या, परक्या गावात कुठं नाद करता" म्हणून पैसे सोडून देतात. पैसे सोडणाऱ्यांत गावाकडून पोराला शिकायला पाठवणारे आईबाप जास्त असतात. सोयाबीनच्या पट्टीतून काढून दिलेले वीस हजार असे कुणाच्या रंगकामात जिरावेत, हे मला पटत नाही. कायद्याने आणि व्यवहाराने दोन्हीकडून पाहिलं तर भाडेकरूची बाजू त्याला वाटते तेवढी पडती नसते. मात्र ती मांडावी लागते कलमवार, कागदावर, आणि जे खरंच आपल्याकडे निघतं ते आधी मान्य करून.

यादी हातात पडल्यावर

पहिले दोन दिवस फोन करू नका. फोनवर बोललेलं टिकत नाही आणि रागात एखादी कबुली निघून जाते. "बरं, रंगाचे घ्या थोडे" हे वाक्य पुढे तुमच्याच गळ्यात येतं. त्याऐवजी एवढाच निरोप लिहून पाठवा:

"काका, नमस्कार. तुमची यादी मिळाली. प्रत्येक रकमेचं बिल किंवा कारागिराची पावती, आणि नुकसान झालेल्या जागेचा फोटो पाठवाल का? ते पाहून मी माझं म्हणणं लेखी कळवतो. यातली कोणतीही रक्कम मी अजून मान्य केलेली नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. गप्प राहणं म्हणजे होकार, असा अर्थ उद्या कुणी काढू नये म्हणून ते हवं. आणि "काका" म्हणत असाल तर काकाच म्हणा. ज्यांच्या घरात तीन वर्षं राहिलो, सणाला पुरणपोळी घेतली-दिली, त्यांना एकाएकी "तुम्हाला कोर्टात खेचीन" म्हटलं की तिथून पुढे विषय पैशांचा राहत नाही, मानपानाचा होतो. मानपानाच्या भांडणात माणसं हिशेब करत नाहीत.

कागद गोळा करा

सगळ्यात आधी करारनामा काढा. तो दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे दुय्यम निबंधकाकडे किंवा ऑनलाइन नोंदवलेला 'लिव्ह ॲण्ड लायसन्स' करार. दुसरा म्हणजे बाँडवर टाईप करून नोटरी केलेला, जो आपल्याकडे फार चालतो. तिसरी सोय म्हणजे काहीच नसणं: तोंडी बोलणं, रोख डिपॉझिट, वहीत एक ओळ.

नोंदवलेला करार असेल तर त्यातला शब्द न् शब्द वाचा: डिपॉझिट कधी परत द्यायचं, त्यातून काय कापता येतं, नोटीस किती दिवसांची, रंग कुणाचा. 'नेहमीची झीज वगळून' अशा अर्थाचं वाक्य बऱ्याच छापील करारांत असतं. ते सापडलं तर खूण करून ठेवा, पुढे कामाला येईल.

करार नोंदवलेला नसेल तर घाबरून जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. न नोंदवल्यास घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं असं, की नोंदणीकृत लेखी करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे "रंगाचे पैसे भाडेकरूने द्यायचे असं ठरलं होतं" असं घरमालक म्हणत असतील तर ते त्यांनी सिद्ध करायचं. हे कलम पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नका. पत्राच्या वेळी त्याची जागा येईल.

आपल्या भागापुरतं सांगायचं तर, मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता, म्हणून इथे १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चालत असे. १९९९ च्या कायद्याने तो रद्द झाला आणि राज्यभर एकच कायदा आला. कुणी जुनेजाणते "आमच्याकडं निजामाचा कायदा" असं म्हणाले तर मान डोलवा, पण विसंबू नका.

डिपॉझिट दिल्याचा पुरावा शोधा. फोनपे, गुगल पे किंवा बँकेतून दिलं असेल तर खातेउतारा काढा आणि ती ओळ अधोरेखित करा. रोख दिलं असेल तर करारातला उल्लेख, पावती, त्या दिवशीचा मेसेज, बँकेतून तेवढीच रक्कम काढल्याची नोंद, सोबत असलेला माणूस, यांतलं जे मिळेल ते घ्या. काहीच नसेल तर मेसेजमधून कबुली येऊ द्या: "काका, मी जून महिन्यात दिलेल्या ३० हजारांपैकी तुम्ही किती परत देताय?" उत्तरात त्यांनी "त्यातले रंगाला गेले" म्हटलं की डिपॉझिट मिळाल्याची नोंद झालीच.

घरात शिरताना आणि सोडताना काढलेले फोटो, व्हिडिओ, मीटरचं रीडिंग एका फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवा. शिरतानाचे फोटो नसतील तर जुने घरगुती फोटो चाळा. वाढदिवसाच्या फोटोत मागची ओल आलेली भिंत दिसते, ती तुम्ही येण्याआधीची होती हे तारीख सांगते. व्हॉट्सॲपची पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि तो मोबाईल विकू किंवा फॉरमॅट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मूळ फोन जवळ असला की ते काम सोपं होतं.

चावी अजून तुमच्याकडेच असेल तर

हा भाग घर सोडण्याच्या तयारीत असलेल्यांसाठी. "डिपॉझिट द्या, मगच चावी" हा विचार मनात येतोच. करारात 'ताबा आणि डिपॉझिट एकाच वेळी' असं लिहिलं असेल तर तसा आग्रह जरूर धरा. तसं नसेल तर मुदत संपल्यावर घर धरून बसू नका. लायसन्सची मुदत संपूनही ताबा सोडला नाही तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई अंगावर येऊ शकते. वीस हजारांसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

शेवटच्या दोन महिन्यांचा किराया न देता "डिपॉझिटमधून वळता करा" म्हणणं आपल्याकडे सर्रास चालतं. घरमालकाने लेखी हो म्हटलं असेल तर त्यात काही वावगं नाही. परस्पर तसं केलंत तर मात्र थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि चांगली बाजू स्वतःच्या हाताने लंगडी करता.

चावी देताना कोऱ्या कागदावर चार ओळी लिहून सही घ्या: तारीख, चाव्या किती दिल्या, मीटर रीडिंग किती, पंखे-ट्यूब-नळ चालू आहेत, घर झाडून दिलं. सही नको म्हणाले तर तोच मजकूर तिथेच उभं राहून मेसेज करा. रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. दारापासून सुरू करून प्रत्येक भिंत, मोरी, संडास, ओटा, खिडक्या, गच्चीची टाकी आणि शेवटी मीटर.

कपातीचा एकेक आकडा

इथे घाई करू नका, कारण निकाल इथेच लागतो.

सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने घर जसं मिळालं तसं परत द्यावं असं म्हटलं आहे, पण वाजवी झीज आणि आवाक्याबाहेरच्या कारणांनी झालेले बदल सोडून. लिव्ह ॲण्ड लायसन्स हा तांत्रिकदृष्ट्या भाडेपट्टा नाही, तिथे कराराचे शब्द आधी पाहिले जातात. तरी वापराने होणारी झीज आणि निष्काळजीपणाने झालेलं नुकसान यांतला फरक तिथेही सुटत नाही. दुसरा आधार भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ आणि ७४ चा. नुकसान झालं असेल तर त्याची वाजवी भरपाई. करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी तो वरची मर्यादा ठरतो, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे.

रंग. सर्वांत मोठी कपात याचीच. तीन-चार वर्षांनी भिंतीचा रंग फिका पडतो, पंख्याच्या वाऱ्याने कोपऱ्यात धूळ बसते, देवघरावर धूर चढतो, फर्निचरमागे पट्टे दिसतात. ही झीज आहे. किराया घेतला जातो तो या वापराचाच. लेकराने पेनाने रंगवलेली भिंत, परवानगी न घेता दिलेला गडद रंग, ड्रिल मारून ढासळलेला प्लास्टर, हे नुकसान आहे. तेवढ्या भिंतीचा खर्च तुमचा, अख्ख्या घराचा नाही. करारात 'सोडताना रंग भाडेकरूचा' असं स्पष्ट लिहून सही केली असेल तर बाजू कमजोर आहे हे मान्य करा. तरीही दोन प्रश्न उरतात. तुम्ही आलात तेव्हा रंग ताजा होता का? आणि प्रत्यक्षात रंग दिला का? बिल नाही, नवीन भाडेकरू त्याच भिंतींत राहायला आला, आणि १४ हजार मात्र कापले, असं झालं तर नुकसान कशाचं हा प्रश्न उभा राहतो. नवीन भाडेकरूशी ओळख करून घ्या. उपयोग होतो.

भिंतींच्या तडा. परभणी, नांदेड, लातूर पट्ट्यात काळी कपाशीची जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या बांधकामाला तडे जातात. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली तड, फरशीचा खचलेला भाग, न लागणारं दार, यांचा खिळे ठोकण्याशी काही संबंध नसतो. पायाच्या कामाचा तो प्रश्न आहे आणि तो मालकाचाच. चौकट पोखरणारी वाळवीही तशीच. फक्त ती दिसल्यावर तुम्ही कळवलं होतं का, हे महत्त्वाचं. कळवल्याचा एखादा मेसेज असेल तर तो सोन्याच्या मोलाचा आहे.

नळ, टाइल्स, गिझर. बोअरच्या पाण्याचे क्षार सगळ्यांना माहीत आहेत. नळाला पांढरे थर, काचेसारख्या टाइल्स मळकट, शॉवर बंद, गिझरची कॉईल दीड-दोन वर्षांत जाते. कोणताही भाडेकरू राहिला असता तरी हे झालंच असतं. त्यामुळे जुन्या गिझरच्या जागी नव्या गिझरची पूर्ण किंमत मागणं न्याय्य नाही. पण नळाचा वॉशर, तुटलेला बटण, हरवलेली किल्ली, फुटलेली काच ही किरकोळ कामं भाडेकरूने करावीत, असंच साधारण धरलं जातं. केंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टात अशीच वाटणी आहे: रंगसफेदी, बांधकामाची दुरुस्ती, पाइप, वायरिंग मालकाकडे; नळ, वॉशर, स्विच, गिझर-बेसिनची दुरुस्ती, कड्या-कुलपं भाडेकरूकडे. घरभाड्याला डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, असंही त्यात आहे. तो नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय बंधनकारक होत नाही. बोलणीत वाजवी वाटणीचा नमुना म्हणून मात्र तो दाखवता येतो. पण लक्षात घ्या, त्यात गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे. म्हणजे तो दाखवलात तर कॉईलचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, नव्या गिझरचा नाही. आपल्या सोयीचं तेवढंच पान फाडून दाखवू नये, समोरचाही वाचतो.

कूलर. आपल्याकडे उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. खिडकीच्या ग्रीलवर गंजाचे डाग, सज्ज्याखाली पाण्याचे ओघळ, आतल्या भिंतीला पोपडे. इथे भाडेकरूची बाजू नेहमीच स्वच्छ असते असं नाही. पाणी भिंतीत मुरत राहिलं आणि लक्ष दिलं नाही, तर त्या भिंतीचं पुट्टी-रंगाचं काम तुमच्याकडे निघतं. मान्य करा, पण त्याच भिंतीपुरतं.

वीज. बिल महिन्याच्या १ ते ३० तारखेचं नसतं, रीडिंग ते रीडिंग असतं. म्हणून सोडल्यानंतर आलेलं पूर्ण बिल तुमचं नव्हे. घर सोडतानाचं रीडिंग आणि बिलावरचं मागचं रीडिंग यांतला फरक तेवढा तुमचा. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक टिपून ठेवा. त्यावरून बिल ॲपवर पाहता येतं, मालकाने सांगितलेला आकडा तपासता येतो. सबमीटर असेल तर दोन्ही रीडिंगचे फोटो आणि ठरलेला युनिटचा भाव पाहा.

एक बाब फार जणांच्या लक्षात येत नाही. महावितरण वर्षातून एकदा सरासरी वापरावरून 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' मागतं आणि तिचं वेगळं बिल येतं. ही ठेव ग्राहक म्हणून घरमालकाच्या नावावर जमा राहते, तिच्यावर व्याजही त्यांनाच मिळतं. ती भाडेकरूच्या वापराचा खर्च नाही. कपातीच्या यादीत 'लाईट बिल' म्हणून ती मिसळलेली आढळली तर बाजूला काढा.

पाणी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात, किंवा जायकवाडी जवळ असूनही नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या छत्रपती संभाजीनगरात, टँकरचा खर्च खरा असतो हे कुणी नाकारू नये. प्रश्न वाटणीचा आहे. टँकर किती आले, इमारतीत घरं किती, आणि दर महिन्याला न मागता शेवटी एकदम का मागितले? महिन्याच्या किरायात पाणी धरलं होतं का, हे जुन्या मेसेजमध्ये शोधा.

नोटीस. करारात महिन्याची नोटीस असेल आणि तुम्ही कमी दिवस दिले असतील, तर कमी पडलेल्या दिवसांचा किराया देणं लागतं. पूर्ण महिना लागत नाही. त्यातही घर सोडल्यावर आठव्या दिवशी दुसरा किरायदार आला असेल तर मालकाचं नुकसान तिथे थांबलं. एकाच दिवसाचा किराया दोघांकडून घेणं वाजवी भरपाईत बसत नाही.

सोसायटीचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः न राहता घर किरायाने देतो म्हणून लागणारा आकार, सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घेतला जातो. करारात तुमच्यावर टाकला नसेल तर तो तुमचा नाही.

हिशेब मांडा

समजा किराया ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. तीन वर्षं राहिलात. मालकांची यादी: रंग १४,०००, साफसफाई ३,०००, वीज २,१००, नवीन गिझर ४,०००, नोटिशीचा महिना ९,०००. एकूण ३२,१००. म्हणजे उलट तुम्हीच २,१०० द्या.

आता तुमचा कागद. रंग: हॉलच्या एका भिंतीला कूलरची ओल आली, ती मान्य, पेंटरला विचारून २,०००. बाकी झीज. साफसफाई: घर झाडून-पुसून दिल्याचा व्हिडिओ आहे, शून्य. वीज: रीडिंगप्रमाणे १,४००. गिझर: तुम्ही आलात तेव्हाच जुना होता, कॉईल क्षाराने गेली, ती दुरुस्त करायला ८००. नोटीस: ३० ऐवजी २२ दिवस दिले, ८ दिवसांचे ९,००० भागिले ३० गुणिले ८, म्हणजे २,४००. बेरीज ६,६००. परत यायचे २३,४००.

असा कागद समोर ठेवला की बोलण्याचा सूरच बदलतो. तुम्ही ६,६०० स्वतःहून सोडलेत हे मालकांच्या घरच्यांना, मध्ये पडणाऱ्या शेजाऱ्याला आणि पुढे गेलंच तर न्यायाधीशालाही दिसतं.

पत्र

हिशेबानंतर पत्र. वकिलाची नोटीस पहिल्याच पायरीला लागत नाही, स्वतःच्या सहीचं पत्र चालतं. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवर टाका. मजकूर साधारण असा:

"प्रति, श्री. ______, रा. ______.
सप्रेम नमस्कार. मी आपल्या ______ येथील घरात दि. ______ ते दि. ______ पर्यंत किरायाने राहत होतो. प्रवेशाच्या वेळी मी रु. ३०,००० अनामत म्हणून ______ द्वारे दिले. दि. ______ रोजी घराचा ताबा व चाव्या आपणास दिल्या.
आपण दि. ______ रोजी पाठवलेल्या यादीतील रकमा मी पाहिल्या. सोबतच्या हिशेबाप्रमाणे रु. ६,६०० मला मान्य आहेत. उरलेल्या रकमा नेहमीच्या वापराने होणाऱ्या झिजेच्या आहेत, अथवा त्यांची बिले आपण दिलेली नाहीत, म्हणून त्या मला मान्य नाहीत.
तरी रु. २३,४०० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. तसे न झाल्यास या रकमेवर पत्राच्या तारखेपासून व्याजाची मागणी राहील आणि मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण व दिवाणी न्यायालयाकडे दाद मागावी लागेल. हा विषय आपसात मिटावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.
आपला, ______"

व्याजाची ओळ शोभेची नाही. व्याज अधिनियम, १९७८ प्रमाणे लेखी मागणीत व्याज मागितलेलं असेल तर न्यायालय त्या तारखेपासून ते देऊ शकतं. करार नोंदवलेला नसेल तर 'भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी आपली होती' एवढं एक वाक्य इथे घाला, धमकीचा सूर न लावता.

मालक उलट जास्तीचे पैसे मागत असतील तरी गप्प बसू नका, हेच पत्र उत्तर म्हणून जातं. तुमच्या सहीचा कोरा चेक त्यांच्याकडे असेल आणि तो वटवायला टाकून न वटल्याची नोटीस आली, तर विषय तातडीचा झाला. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर गेलंच पाहिजे.

पत्राने हलले नाहीत तर

एकदा दोघांच्या ओळखीचा माणूस मध्ये घाला. विद्यार्थी असाल तर वडिलांना किंवा मामाला घेऊन जा. आपल्याकडे वडीलधारं माणूस समोर बसलं की बरंच सुटतं. काही मालक वाईट नसतात, डिपॉझिट त्यांनी कधीच खर्च केलेलं असतं आणि तसं सांगायची लाज वाटते. दोन हप्त्यांत घ्यायची तयारी दाखवलीत तर वाट निघते.

त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. साध्या कागदावर अर्ज करून दाखलपूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, दावा आधी लावावा लागत नाही. तिथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि तिच्यावर अपील नाही. मर्यादाही सांगतो: समोरचा आलाच नाही किंवा तयार झाला नाही तर लोकअदालत त्याच्यावर निकाल लादू शकत नाही. पण न्यायालयाच्या शिक्क्याची सूचना घरी आली की बरेच जण येतात. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पोलीस ठाण्यात डिपॉझिटचा वाद नेला तर "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. सामान अडवून ठेवलं, धमकी दिली, मुलींना त्रास दिला, तर मात्र तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

ग्राहक आयोगाचं पुष्कळांच्या मनात असतं. निव्वळ खोली किरायाने दिली असेल तर तो मार्ग सहसा लागू पडत नाही. होस्टेल किंवा पीजी असेल, जेवण, साफसफाई, वाय-फाय असं सगळं मिळून पैसे घेतले असतील, तर ती सेवा आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. लातूर-संभाजीनगरच्या होस्टेलमधल्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावं.

शेवटी दिवाणी दावा. घर ज्या गावात होतं तिथल्या न्यायालयात पैसे वसुलीचा दावा लावता येतो. तुमची बदली किनवटला झाली म्हणून तिथे लावता येईलच असं नाही. मुदत तीन वर्षं. वकिलाची फी, हेलपाटे आणि अडकलेली रक्कम यांचं गणित आधी करा. पाच हजारांसाठी दावा लावा असं मी सांगणार नाही. पन्नास हजार अडकले असतील आणि कागद पक्के असतील तर जरूर लावा. हुकूमनामा झाल्यावरही पैसे दिले नाहीत तर त्याच न्यायालयात दरखास्त लावून वसुली मागता येते, त्यासाठी बारा वर्षांची मुदत असते.

कोणत्याही पायरीवर मिटलं तर पैसे खात्यातच घ्या आणि दोघांच्या सहीने लिहून ठेवा की दि. ______ रोजी रु. ______ मिळाले, या घराच्या किराया, वीज, पाणी, दुरुस्तीबाबत दोघांचंही एकमेकांकडे काही येणं उरलेलं नाही. तुमची सही असलेला कोरा चेक, आधारची प्रत, जादा चावी, जे काही त्यांच्याकडे असेल ते त्याच बैठकीत परत मागून घ्या, आणि रक्कम खात्यात दिसल्याशिवाय 'मिळाले' या शब्दाखाली सही करू नका.